माणूस म्हातारा का होतो: शरीराची झीज, की निसर्गाचीच योजना?

पाचपाखाडी_वाचक

नमस्कार मंडळी,

ठाण्यात कचराळी तलावाला सकाळच्या फेऱ्या मारून झाल्यावर आम्ही काही ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर बसतो. सध्या तिथे एका प्रश्नावरून दोन तट पडले आहेत. एका गटाचे म्हणणे असे की शरीर हे शेवटी यंत्र आहे, ते वापराने झिजते आणि त्या झिजेलाच आपण म्हातारपण म्हणतो. दुसऱ्या गटाच्या मते झीज वगैरे वरवरचे आहे. जुन्या पिढीने नव्या पिढीला जागा करून द्यावी म्हणून निसर्गानेच प्रत्येकाच्या शरीरात वार्धक्याची योजना करून ठेवली आहे. तसे नसते तर उंदीर दोन-तीन वर्षांत, कुत्रा बारा-पंधरा वर्षांत आणि माणूस ऐंशी-नव्वदीत, असे ठरल्यासारखे का घडावे, असा त्यांचा सवाल आहे.

माझी सगळी नोकरी बँकेत झाली आणि जीवशास्त्राशी संबंध शाळेबरोबरच संपला. तरीही ऐकताना मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. झीज हेच कारण असेल, तर एका पेशीपासून अख्खे बाळ घडवणाऱ्या आणि मोडलेले हाड सांधणाऱ्या शरीराला पुढे तीच झीज भरून काढणे का जमू नये? आणि ही निसर्गाची योजना असेल, तर तिचा फायदा नेमका कोणाला होतो?

त्यातच मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या सभागृहात एका कंपनीच्या प्रतिनिधीचे व्याख्यान झाले. फ्री रॅडिकल्स आणि टेलोमिअर ही वार्धक्याची दोन कारणे विज्ञानाने शोधून काढली आहेत आणि आमच्या गोळ्या दोन्हींवर काम करतात, असा त्याचा दावा होता. कट्ट्यावरच्या काही जणांनी त्या महागड्या गोळ्या सुरूही केल्या आहेत. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. थोडे अवघड झाले तरी चालेल, मी सावकाश वाचेन.

---

खाडीकाठ, वाशी

ताई, तुमच्या दोन्ही शंका अगदी मर्मावर बोट ठेवणाऱ्या आहेत. मी निवृत्त होईपर्यंत महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आणि हा विषय माझ्या विशेष आवडीचा असल्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

आधी 'जागा करून देण्याची योजना' पाहू. हा विचार जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनी 1881 च्या एका व्याख्यानात मांडला होता, म्हणजे तुमच्या कट्ट्यावरचा दुसरा गट एका नामवंत माणसाच्या पंगतीला बसला आहे. मात्र या विचारात मोठ्या अडचणी आहेत आणि पुढे खुद्द वाइसमानही त्यापासून दूर गेले. पहिली अडचण अशी की रानावनात म्हातारा होण्याइतके जगण्याची संधीच फार थोड्या प्राण्यांना मिळते. चिमणी किंवा रानउंदीर बहुधा भूक, थंडी, रोग किंवा शिकारी यांच्यामुळे आधीच मरतो. जागा अशी आपोआप रिकामी होतच असते, त्यासाठी वेगळ्या व्यवस्थेची गरज राहत नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. समजा, एखाद्या कळपातील सर्व प्राणी जातीच्या भल्यासाठी ठरावीक वयात खंगून मरतात आणि त्यांच्यात एक असा जन्माला येतो की ज्याच्यात ही योजना बिघडलेली आहे. तो अधिक काळ जगेल, अधिक पिल्ले देईल, आणि काही पिढ्यांत त्याचीच संतती सगळीकडे दिसू लागेल. त्यागाची अशी योजना नैसर्गिक निवडीपुढे टिकणे फार कठीण असते.

आता झीज. झीज होते यात शंका नाही, पण ती भरून न येणे अटळ आहे असे म्हणता येत नाही. शाळेच्या पुस्तकात आपण ज्या हायड्राची आकृती काढली, तो गोड्या पाण्यातला चिमुकला जीव आपल्या पेशी सतत नव्याने घडवत राहतो. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे जपलेल्या हायड्रांमध्ये वयाबरोबर मृत्यूचे प्रमाण वाढताना आढळलेले नाही. दुसरे उदाहरण आपल्या दारातले आहे. ऐरोलीच्या बाजूने ठाणे खाडीत हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चोच उलटी करून चिखलातले शेवाळ गाळून खाणारे फ्लेमिंगो आपण पाहतो. पक्ष्याच्या शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्याच्या रक्तातली साखर आपल्यापेक्षा कितीतरी अधिक असते आणि उडताना त्याचे शरीर प्रचंड ऊर्जा जाळते. झिजेच्याच हिशेबाने पाहिले तर त्याने सशाच्याही आधी संपायला हवे. प्रत्यक्षात साधारण तेवढ्याच वजनाचा ससा दहा-बारा वर्षे जगला तरी पुष्कळ, तर ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडच्या प्राणिसंग्रहालयातला एक फ्लेमिंगो 2014 साली गेला तेव्हा किमान 83 वर्षांचा होता असे मानले जाते. सायबेरियात 7 ग्रॅमच्या आसपास वजनाचे एक वटवाघूळ 41 वर्षांनी पुन्हा सापडल्याची नोंद आहे.

मग खरे कारण काय? माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर विचार पीटर मेडावार यांनी 1951 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील व्याख्यानात मांडला. (अवयवरोपणाशी संबंधित संशोधनासाठी 1960 चे नोबेल मिळालेले तेच हे मेडावार.) त्यांनी परीक्षानळ्यांचे उदाहरण घेतले. प्रयोगशाळेत हजार नळ्या आहेत, दरमहा काही फुटतात आणि तितक्याच नव्या आणल्या जातात. नळीला वार्धक्य नसते. जुनी नळी नवीइतकीच भक्कम असते. तरीही काही वर्षांनी मोजदाद केली तर जुन्या नळ्या मोजक्याच उरलेल्या दिसतील, कारण जितके दिवस अधिक तितके फुटण्याचे प्रसंग अधिक. आता प्रत्येक नळी दरमहा सारखीच संतती देते असे माना. एकूण संततीतला फार मोठा वाटा तरुण नळ्यांचा असेल. अशा स्थितीत पहिल्याच महिन्यात नळीला तडा घालणारा आनुवंशिक दोष लगेच नष्ट होईल, पण तोच दोष पाचव्या वर्षी प्रकट होणार असेल तर तोवर बहुतेक नळ्या आपली संतती देऊन अपघाताने फुटूनही गेलेल्या असतील. त्या दोषाला निवडीची चाळणी अडवणारच नाही. म्हणजे वय वाढते तशी नैसर्गिक निवडीची पकड सैल होत जाते आणि उशिरा प्रकट होणारे दोष पिढ्यान्‌पिढ्या साचत राहतात.

हंटिंग्टन रोग हे याचे बोलके उदाहरण आहे. तो बहुधा वयाच्या तिशी ते पन्नाशीत डोके वर काढतो, तोवर मुलेबाळे झालेली असतात आणि दोष पुढे गेलेला असतो. याकडे मेडावार यांच्याही आधी जे. बी. एस. हॉल्डेन यांनी लक्ष वेधले होते. हे हॉल्डेन 1957 मध्ये भारतात कायमचे राहायला आले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला निवर्तले.

1957 मध्येच अमेरिकेतील जॉर्ज विल्यम्स यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांचे म्हणणे असे की उशिरा घातक ठरणारे काही जनुक नुसते साचत नाहीत, तर ते तारुण्यात उपकारक असल्यामुळे त्यांची निवडच होते. तरुणपणीच्या थोड्या फायद्यापुढे म्हातारपणीचा मोठा तोटाही हिशेबात नगण्य ठरतो. त्यानंतर 1977 मध्ये इंग्लंडचे टॉम कर्कवुड यांनी तुमच्या पहिल्या शंकेचे थेट उत्तर दिले. शरीराला दुरुस्ती येत नाही असे नाही. दुरुस्तीला ऊर्जा लागते आणि तीच ऊर्जा प्रजननालाही हवी असते. ज्या जिवाला पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाचण्याचीच शाश्वती नाही, त्याने पन्नास वर्षे टिकेल असे शरीर राखण्यात ऊर्जा घालवणे लाभाचे नसते. म्हणून शरीराची देखभाल पुरेशी होते, परिपूर्ण होत नाही. आणि पक्षी किंवा वटवाघळे यांच्यासारखे जे जीव उडून शत्रूपासून निसटतात, त्यांच्यात टिकाऊ शरीर राखणे फायद्याचे ठरते.

हे केवळ कागदावरचे नाही. स्टीव्हन ऑस्टॅड यांनी अमेरिकेत ओपोसम या प्राण्याचा अभ्यास केला. मुख्य भूमीवर त्याला पुष्कळ शत्रू आहेत, तर जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळच्या सॅपेलो बेटावर फारच कमी. बेटावरचे ओपोसम अधिक सावकाश म्हातारे होतात, त्यांच्या शेपटीच्या स्नायुबंधातले तंतूही सावकाश ताठरतात आणि त्यांना एका वेळी पिल्लेही कमी होतात, असे त्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केले. सिद्धान्ताने जे भाकीत केले असते, नेमके तेच.

---

पेशीघर, खारघर

खाडीकाठ सरांनी 'का' या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. टेलोमिअर आणि फ्री रॅडिकल्स या गोष्टी मात्र 'कसे' या प्रश्नाच्या उत्तरात बसतात आणि त्या व्याख्यानात नेमकी ही गल्लत झालेली दिसते. मी पेशीसंवर्धनाचे काम करते, म्हणून तेवढ्याच भागावर लिहिते.

1961 पर्यंत असा समज होता की शरीराबाहेर काढलेल्या पेशी योग्य पोषण मिळाले तर अनंत काळ विभागत राहतात. लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले की माणसाच्या सामान्य पेशी साधारण 40 ते 60 वेळा विभागून थांबतात. मधेच गोठवून ठेवल्या आणि पुढे कधीतरी बाहेर काढल्या, तरी त्या आधीची मोजणी धरूनच पुढे चालतात. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक नवख्यालाही ओळखता येतो. त्वचेतल्या तरुण तंतुपेशी सडपातळ, दोन्ही टोकांना निमुळत्या आणि एकाच दिशेने ओळीने लागलेल्या असतात. थांबलेल्या पेशी पसरट, अनेकपट मोठ्या आणि कशाही विखुरलेल्या दिसतात, आणि विशिष्ट रंजक घातला की त्या निळ्या होतात.

ही मोजणी कुठे होते, याचा तर्क रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेय ओलोव्निकोव्ह यांनी 1971 मध्ये केला. गुणसूत्राची नक्कल करताना टोकाचा थोडा भाग प्रत्येक वेळी सुटतो. टेलोमिअर म्हणजे हीच टोके, आणि ती अखूड होत एका मर्यादेपर्यंत आली की पेशी विभागणे थांबवते. ती पुन्हा वाढवणारे टेलोमरेज हे एन्झाइम कॅरल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना 1984 मध्ये सापडले. 2009 मध्ये त्या दोघी आणि जॅक शोस्टाक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

इथपर्यंत सगळे खरे आहे, आणि यापुढे गोळ्या विकणारे जे सांगत नाहीत ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रयोगशाळेतल्या उंदरांचे टेलोमिअर माणसाच्या टेलोमिअरपेक्षा कितीतरी लांब असतात, तरीही ते दोन-तीन वर्षांतच म्हातारे होतात. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी तर प्रौढपणी विभागतच नाहीत, म्हणून त्यांच्या ऱ्हासाचा दोष या मोजणीला देता येत नाही. आणि सुमारे 85 ते 90 टक्के कर्करोगांच्या पेशींमध्ये टेलोमरेज पुन्हा सुरू झालेले आढळते. पेशीचे विभाजन थांबणे हे शरीराचे कर्करोगापासूनचे एक संरक्षण आहे. तेच संरक्षण उतारवयात उलटते, कारण थांबलेल्या पेशी मरत नाहीत आणि आसपास दाह निर्माण करणारी प्रथिने सोडत राहतात. विल्यम्स यांनी सांगितलेल्या दुधारी जनुकांचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. 2011 मध्ये अकाली म्हातारे होणाऱ्या उंदरांतून अशा पेशी काढून टाकल्या, तेव्हा त्यांचे काही विकार लांबणीवर पडले. ही दिशा मला खरोखर आशादायक वाटते, पण उंदरांवरून थेट माणसावर उडी मारता येत नाही.

फ्री रॅडिकल्सचा सिद्धान्त डेनम हार्मन यांनी 1956 मध्ये मांडला. पेशी ऑक्सिजन वापरताना काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात आणि ते डीएनए, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांची हानी करतात, असे त्याचे सार आहे. हानी होते हे निर्विवाद आहे. तीच वार्धक्याचे मूळ आहे का, हा प्रश्न वेगळा. सूक्ष्म गोलकृमींमध्ये या रेणूंपैकी एकाला निष्प्रभ करणाऱ्या एन्झाइमची पाचही जनुके काढून टाकली, तरी त्यांचे सामान्य आयुष्य घटले नाही. याउलट, फिनलंडमध्ये 29,000 हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल 1994 मध्ये आला, तेव्हा बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी सुमारे 18 टक्क्यांनी अधिक निघाले. म्हणून ताई, तुमच्या कट्ट्यावर कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल आणि या गोळ्याही घेत असेल, तर त्यांनी त्या पाकिटासह आपल्या डॉक्टरांना लवकर भेटावे, ही मनापासून विनंती.

---

सानपाडा_गणित

'ठरल्यासारखे' या शब्दावर थोडेसे. इंग्लंडमधील विमागणिती बेंजामिन गोम्पर्ट्‌झ यांनी 1825 मध्ये दाखवले की प्रौढ वयात मृत्यूचा धोका वयाबरोबर घातांकी गतीने वाढतो; माणसात तो साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. त्यामुळे कोणाचेही मरण ठरावीक वर्षी ठरलेले नसताना, दुपटीवर दुप्पट होत गेल्यामुळे बहुतेकांची आयुष्ये एका पट्ट्यात येऊन संपतात. बाहेरून पाहणाऱ्याला ती वेळापत्रकानुसार संपल्यासारखी वाटतात.

---

घोडबंदर_अभ्यासक

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात औषध संशोधनात काम करतो. खाडीकाठ सरांचे विवेचन मला मान्य आहे, पण योजनेचा विचार पूर्णपणे निकालात काढण्याआधी काही गोष्टी विचारात घ्याव्यात असे वाटते.

1993 मध्ये सिंथिया केन्यन यांच्या गटाने दाखवले की दोन-तीन आठवडे जगणाऱ्या गोलकृमीच्या एकाच जनुकात बदल झाला तर त्याचे आयुष्य दुपटीहून अधिक होते. या जनुकाचा संबंध आपल्या इन्सुलिनसारख्या संकेतयंत्रणेशी आहे. हजार ठिकाणी साचलेले स्वतंत्र दोष एवढेच वार्धक्याचे कारण असते, तर एका कळीने इतका फरक पडणे आश्चर्याचे आहे. 2009 मध्ये रॅपामायसिन हे औषध 600 दिवसांच्या, म्हणजे वयस्कच म्हणता येतील अशा उंदरांना सुरू केले, तरी त्यांचे आयुष्य वाढले. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले हे औषध अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिले जाते आणि ते पेशीला 'अन्न भरपूर आहे, वाढत राहा' असे सांगणारी यंत्रणा मंदावते.

यावरून मिखाईल ब्लागोस्क्लोनी यांनी 2006 पासून असे मांडले की वार्धक्य ही योजना नसून वाढीच्या योजनेची लांबलेली शेपटी आहे. लहानपणी आपल्याला वाढवणारी यंत्रणा वाढ पूर्ण झाल्यावरही बंद होत नाही, कारण ती वेळेवर बंद करण्याइतका निवडीचा जोर उतारवयात उरलेला नसतो. चाळिशी लागते त्याचे उदाहरण मला फार पटते. डोळ्यातील भिंगात जन्मभर नवे तंतूथर चढत राहतात, जुने थर आत दाबले जातात, भिंग जाड आणि ताठर होत जाते आणि शेवटी वर्तमानपत्र हात लांब करून धरावे लागते. इथे काही झिजलेले नाही, उलट वाढ थांबलेली नाही. पुरुषांत प्रोस्टेट वाढते तेही याच जातीचे. अशा रीतीने मेडावार आणि विल्यम्स यांच्या चौकटीतच हा विचार बसतो, मात्र औषध शोधणाऱ्याच्या दृष्टीने फरक मोठा आहे: हजार दोष दुरुस्त करण्यापेक्षा चालू राहिलेली एक यंत्रणा मंद करणे कितीतरी सोपे. म्हणून कोणी रॅपामायसिन स्वतःच्या मनाने घ्यावे असा अर्थ मात्र अजिबात काढू नये. ते प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आहे.

---

पाचपाखाडी_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. ही चर्चा मी कट्ट्यावर वाचून दाखवली. गोळ्या घेणाऱ्यांपैकी एक काका आजच डॉक्टरांकडे गेले आहेत. एक शंका उरते. प्रजनन संपल्यावर निवडीची पकड सुटते असे असेल, तर बाईची पाळी पन्नाशीच्या आसपास थांबल्यावरही ती आणखी तीस-पस्तीस वर्षे चांगली का जगते? नातवंडे सांभाळणाऱ्या आम्हा आज्यांचा या हिशेबात काही वाटा नाही का?

---

खाडीकाठ, वाशी

वाटा आहे, आणि तो मोठा असावा असे मानणारे संशोधक पुष्कळ आहेत. विल्यम्स यांनीच 1957 च्या लेखात या दिशेने सूचना केली होती: बाळंतपणाचा धोका वयाबरोबर वाढतो, तेव्हा नवे मूल होऊ देण्यापेक्षा आधीची मुले वाढवणे अधिक लाभाचे ठरू शकते. पुढे क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातील हाद्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांमध्ये राहून पाहिले, तेव्हा वयस्क स्त्रिया कडक जमीन खणून कंद काढण्यात तरुणींच्या मागे नाहीत असे आढळले. आई तान्ह्या बाळात गुंतलेली असते तेव्हा दूध सुटलेल्या मोठ्या मुलाचे पोट या आजीच्या कंदांवर भरते. ज्या आज्या अधिक काळ धडधाकट राहिल्या त्यांची नातवंडे अधिक जगली आणि त्या नातवंडांतून आजीचे जनुकही पुढे गेले. म्हणजे स्वतःचे प्रजनन थांबले तरी निवडीची पकड लगेच सुटत नाही. नातवंडांच्या जगण्यावर आजीचा परिणाम जोवर होतो, तोवर ती काही अंशी टिकते.

पाळी थांबल्यावर दीर्घकाळ जगणे प्राणिसृष्टीत अत्यंत दुर्मीळ आहे. आपल्याखेरीज त्याची स्पष्ट उदाहरणे मुख्यतः काही दातवाल्या देवमाशांत मिळतात. त्यांपैकी ऑर्का या जातीच्या कळपांचा पॅसिफिक किनाऱ्यावर अनेक दशके अभ्यास झाला आहे. सॅमन मासे दुर्मीळ झाले की या कळपांत म्हाताऱ्या माद्या पुढे राहून वाट दाखवतात, आणि आजी मेल्यानंतरच्या दोन वर्षांत तिची नातवंडे दगावण्याचा धोका वाढतो, विशेषतः सॅमनचा तुटवडा असलेल्या वर्षांत. आजोबांबद्दल कट्ट्यावर प्रश्न निघणार हे उघड आहे, तर पुरुषांमध्ये प्रजननक्षमता हळूहळू घटते, एकदम थांबत नाही. त्यामुळे त्यांच्या दीर्घायुष्याचे स्पष्टीकरण वेगळे द्यावे लागते. एक शक्यता अशी की आजींच्या निवडीतून आलेले टिकाऊ शरीराचे जनुक मुलगे आणि मुली दोघांनाही मिळतात, म्हणून आजोबाही त्यात लाभार्थी ठरतात.